पाचही नाही

मान हातात घेण्याआधी पाच प्रश्न विचारायचे असतात. चक्कर येते का? एकाचे दोन दिसतात का? बोलताना किंवा गिळताना अडखळायला होतं का? चेहरा, हात, पाय बधिर वाटतात का? आणि पूर्वी कधी दुखलं नव्हतं असं डोकं किंवा मान गेल्या काही दिवसांत दुखते आहे का? एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर मानेला बोट लावायचं नाही, सरळ दवाखान्यात पाठवायचं. शिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात हे आमच्याकडून घोकून घेतात. मला झोपेतून उठवलं तरी मी ते म्हणून दाखवीन. ज्या दिवशी ते विचारायची खरी गरज होती, त्या दिवशी मी ते विचारले नाहीत, आणि त्याबद्दलच मला सांगायचं आहे.

मी खेळाडूंची कायरोप्रॅक्टर होते. म्हणजे मणके आणि सांधे हातांनी मोकळे करणारी. हा खुलासा मी आयुष्यात इतक्यांदा केला आहे की शेवटी शेवटी मला त्याचा वीट आला होता. आई नातेवाइकांत बेधडक 'हाडांची डॉक्टर' म्हणून मोकळी व्हायची. दादा शाळेची बस चालवतो. तो मला 'मोडतोड खातं' म्हणायचा, आणि रात्रीचं जेवण झालं की सगळ्यांच्या आधी आपली कंबर माझ्यापुढे करायचा.

हेच का करायचं ठरवलं, तर त्यामागे काही उदात्त कारण नाही. शाळेत मी जाडी होते. कुठल्याच संघात मला कुणी घेत नसे. वाटणी करताना शेवटी उरायची ती मी, आणि मग दोन्ही बाजू 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' करायच्या. पण मैदान मला सोडवत नव्हतं. कुणाचा पाय मुरगळला की बर्फ घेऊन पळायचं काम मी आपणहून उचललं, आणि त्या कामाला माणसं मला हाक मारू लागली. गरज लागली की हाक मारतात, एवढं कळणं मला पुरेसं होतं. पाच वर्षं शिकले. मग दोन वर्षं एका जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली काम करायचं, आणि त्यानंतर आमच्या व्यवसायाची परिषद कायमची नोंदणी देते. हे घडलं तेव्हा माझी दोन वर्षं भरायला एक महिना उरला होता.

ज्यांच्या देखरेखीखाली मी होते त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. साठी उलटलेली, बोटं लाकडासारखी टणक, बोलणं तुसडं. क्लबच्या तलावामागे आमची खोली होती. भिंतीपलीकडे पाणी गाळायचा पंप दिवसभर गुरगुरायचा, फरशीवर ओल्या पावलांचे ठसे कधी वाळायचेच नाहीत. मधोमध तपासणीचं टेबल, त्याच्या डोक्याकडच्या गादीचं रेक्झिन फाटलेलं, त्यावर मी रोज धुतलेला निळा टॉवेल घालायचे. सर पहिल्या दिवशी म्हणाले होते, "प्रश्न विचारताना समोर बसायचं. तोंडाकडे बघायचं. हात नंतर." मी वर्षभर तसंच केलं.

पण रोज तीच माणसं. तेच खांदे, त्याच माना. आठवड्यातून तीनदा ज्याची मान तुम्ही हातात घेता, त्याला तेच पाच प्रश्न विचारायचे म्हणजे त्यालाही हसू येतं आणि आपल्यालाही.

त्यातली सगळ्यात जास्त हसणारी म्हणजे टाचणी. दहा मीटरच्या मनोऱ्यावरून उडी मारायची ती. पाण्यात अशी जायची की शिंतोडा उडायचा नाही, म्हणून कोचने हे नाव ठेवलेलं. एकोणीस वर्षांची, काडी, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. तिची आई एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. घरात दोघीच. टाचणी मला ताई म्हणायची आणि अगदी सख्ख्या बहिणीसारखी डोक्यावर बसायची.

एकदा मी तिसऱ्या प्रश्नावर असतानाच ती म्हणाली, "ताई, पाचही नाही. कर ना लवकर." मी हसले. पुढच्या वेळी दुसऱ्याच प्रश्नाला तिने 'पाचही नाही' म्हटलं. मग आमचं ठरूनच गेलं. मी म्हणायचे, "पाच?" ती म्हणायची, "पाचही नाही." मी फॉर्मवर पाच खुणा करायचे आणि मान हातात घ्यायचे. बाकीच्यांनीही ते उचललं. खोलीत आल्या आल्या लोक दारातूनच ओरडायचे, 'पाचही नाही!' सरांच्या कानावर ते गेलं असणार. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता आपल्यावर विश्वास बसला.

संघाच्या निवड चाचणीच्या दिवशी अकराला उड्या सुरू होणार होत्या. त्याआधी दोनदा टाचणी राखीवमध्ये अडकली होती, दोन्ही वेळा अर्ध्या गुणाने. हे तिसरं वर्ष. यंदा नाही तर कोच तिला सोडून देणार, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, गेटवरच्या रखवालदारालासुद्धा माहीत होतं. नऊनंतर ती आली. माझ्या दाराबाहेर तिघं रांगेत बसले होते आणि कोच बाहेर कुणावर तरी गळा फाडत होता.

"ताई, मान मोकळी करून दे. जाम धरलीये."

मी टेबलाची उंची खाली करत होते. त्याचा खटका अडकलेला होता, मी वाकून त्याच्याशी झटापट करत होते, आणि माझी पाठ तिच्याकडे होती.

"पाच?"

"पाचही नाही."

खटका सुटला. मी वळले तेव्हा ती टेबलावर बसली होती. तिची उजवी पापणी किंचित खाली आली होती. फार नाही, पण तिचा चेहरा मला पाठ होता.

"रात्रभर जागलीस वाटतं," मी म्हणाले. "एक डोळा अजून उठलेला नाही."

"त्याला नंतर उठवते," ती म्हणाली, आणि उताणी झोपली, मान माझ्या हातांत देऊन. मी तिची मान डावीकडे वळवली, दाब दिला. कट् असा आवाज झाला. मग उजवीकडे. ती म्हणाली, "हां, बरं वाटलं." मी फॉर्मवर पाच खुणा केल्या आणि खाली सही ठोकली. सगळं मिळून चार मिनिटं.

पावणेबाराला तिची दुसरी उडी होती. मी तलावाच्या कडेला उभी होते. ती वर टोकाला आली, पाठ ताठ केली, दोन्ही हात डोक्यावर नेले. उडीत पाण्याला आधी तळवे लागतात, म्हणून एका हाताने दुसरा हात पकडावा लागतो. तिचा उजवा हात वर गेला. डावा अर्ध्यावर आला आणि खाली पडला. तिने पुन्हा उचलला. पुन्हा पडला. मग ती उजव्या हाताने डावा हात शोधायला लागली, जणू तो कुणी दुसऱ्याचा आहे. कोचने शिट्टी वाजवली. पंचांनी हात दाखवला. ती वर उभीच. मग हळूच खाली बसली, अगदी काठावर, पाय बाहेर सोडून.

मला उंचीची भीती वाटते. आजवर मी तिसऱ्या पायरीच्या वर गेले नव्हते. त्या दिवशी दहा मीटर कशी चढले ते मला आठवत नाही. तिच्या मागे जाऊन मी तिला दोन्ही काखांत धरलं आणि मागे ओढलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती.

"ताई, हात झोपलाय," ती म्हणाली, आणि ते शब्द एकमेकांत चिकटून बाहेर आले.

दवाखान्यात डॉक्टरीण बाई बाहेर आल्या तेव्हा दुपार कलली होती. बाकड्यावर मी, कोच आणि टाचणीची आई. काकू कामावरून तशाच आल्या होत्या, अंगावर लाँड्रीचा एप्रन. बाईंनी समजावून सांगितलं. मानेतल्या उजव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीला आतून चीर गेली होती. तिथे रक्ताची गुठळी धरली आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत जाऊन अडकला.

"चीर कधीची?" कोचने विचारलं.

"तीन-चार दिवसांची असावी. मानेला हिसका बसला होता का?"

सोमवारी तिची एक उडी वाकडी पडली होती. कोचने ते कबूल केलं.

"मग तेव्हापासून उजव्या बाजूला डोकं दुखत असणार. आणि त्याच बाजूची पापणी खाली येते, बाहुली बारीक होते. कुणाच्या लक्षात नाही आलं?"

कोचने मान हलवली. मी गप्प बसले.

"आज सकाळी कुणी मान फिरवली होती?"

"मी," मी म्हणाले. निदान तेवढं तरी मी त्या दिवशी म्हणाले.

"त्यानेच तुकडा सुटला का?" काकूंनी विचारलं.

"ते कुणीच सांगू शकणार नाही," बाई म्हणाल्या. "तसाही सुटला असता. मान फिरवल्यानेही सुटला असेल. पण अशा मानेला हात लावायचा नसतो."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं. त्यांच्यापुढे टाचणीचा फॉर्म होता. पाच खुणा, वेळ, माझी सही.

"तू विचारलंस. ती नाही म्हणाली. तिने दुखणं लपवलं," सर म्हणाले. ते मला विचारत नव्हते, सांगत होते. "परिषदेची चौकशी होईल, तीन आठवड्यांनी. एवढंच बोलायचं आणि बाहेर यायचं."

"सर, मी विचारलं म्हणजे..."

"मला काही सांगू नकोस," त्यांनी हात वर केला. "तू मला सांगितलंस की मला ते माहीत होतं असं होईल. मला माहीत नाही. तुलाही काही वेगळं माहीत नाही. कळलं?"

मला कळलं. तुसडा माणूस मला पाठीशी घालत होता, आणि स्वतःलाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो सुटकेचा श्वास. खरं तेच सांगते.

घरी मी फक्त दादाला सगळं सांगितलं. बस धुताना तो नळी हातात घेऊन ऐकत राहिला, पाणी त्याच्याच बुटांत जात होतं तरी.

"तू बोललीस तर तिचा हात परत येणार आहे का?" शेवटी त्याने विचारलं.

"नाही."

"मग तोंड बंद ठेव. सात वर्षं घातलीस. बाबा अजून त्यांच्या मित्रांना तुझं कार्ड वाटतात. एकीचं वाटोळं झालंय, दोघींचं कशाला करतेस?"

त्याच्या बोलण्यात खोट काढायला मला जागा सापडली नाही. मी शोधलीही नाही फारशी.

टाचणीला भेटायला मी रोज जायचे. का जायचे, ते माझं मलाच धड सांगता येत नाही. न जाणं जास्त कठीण होतं म्हणून. पाचव्या दिवशी ती नीट बोलायला लागली. हळू, एकेक शब्द चाचपत. डावा हात उशीवर ठेवलेला, बोटं आत वळलेली. मी स्टुलावर बसले की तो हात हातात घ्यायचे आणि बोटं एकेक करून उघडायचे. ती डोळे मिटून घ्यायची.

"ताई, मी खोटं बोलले," एक दिवस ती म्हणाली. "सोमवारपासून दुखत होतं. कानामागे. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू उडीच मारू दिली नसतीस."

काकू पलीकडे तिचे कपडे घडी करत होत्या. त्या तटकन म्हणाल्या, "तोंड होतं ना तुला? त्या बिचाऱ्या विचारत होत्या, तर खरं सांगायला काय झालं होतं? आपल्या हातांनी आपला सत्यानाश करून घेतलास."

"सॉरी, आई."

"मला काय सॉरी म्हणतेस? त्यांना म्हण. त्यांची नोकरी जायची पाळी आणलीस."

आणि टाचणी माझ्याकडे वळून म्हणाली, "सॉरी, ताई."

तेव्हा बोलायचं होतं. त्या क्षणी, त्या स्टुलावर. मी तिच्या करंगळीवरून अंगठा फिरवत राहिले आणि म्हणाले, "जाऊ दे गं. आता बरी हो."

नंतर काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. तिथे त्यांनी माझे दोन्ही हात धरले. इस्त्रीच्या वाफेने त्यांचे तळवे गुळगुळीत झाले होते. "पोरीने तुम्हाला फसवलं," त्या म्हणाल्या. "लहान आहे. मनात धरू नका. तुम्ही तिच्यासाठी किती केलंत." मी तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

दरम्यान क्लबचं पत्र आलं. खेळाडूने दुखापत लपवली असेल, तर पुढच्या उपचारांची जबाबदारी क्लबवर राहत नाही, असा नियम होता. चौकशीचा निकाल लागेपर्यंत काहीच ठरणार नव्हतं. वर्षभर रोज व्यायाम करून घेतला तर हात बराचसा सुधारेल, असं दवाखान्याचं म्हणणं होतं. चादरींना इस्त्री करून एक बाई ते वर्ष कुठून आणणार, हे मला दिसत होतं. तरी मी गप्प होते. रोज सकाळी ठरवायचे की आज बोलू, आणि दुपारी टाचणीसमोर बसून तिची माफी ऐकून घ्यायचे. ती रोज मागायची. कधी माझी, बहुतेक वेळा आईची.

चौकशीची खोली अगदीच साधी निघाली. लांब टेबल, चार पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. परिषदेचे तिघं जण. मधल्या अध्यक्षबाई चष्मा कपाळावर चढवून कागद वाचत होत्या. माझ्या शेजारी सर, टाय बांधून. पलीकडे काकू, एकट्या.

आधी काकूंना विचारलं. त्यांनी उभं राहून सांगितलं की चूक आपल्या मुलीची आहे, ताईंनी विचारलं होतं, मुलगी खोटं बोलली. मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. टाचणीने लिहून पाठवलेला. अध्यक्षबाईंनी तो आधी स्वतः वाचला, मग मोठ्याने वाचून दाखवला आणि मग आमच्याकडे सरकवला.

कागदावरच्या ओळी खाली खाली घसरत गेल्या होत्या. उजव्या हाताने लिहिताना कागद धरायला डावा हात लागतो, तो तिच्याकडे नव्हता. लिहिलं होतं: 'मला दुखत होतं ते मी सांगितलं नाही. यात ताईची चूक नाही. कोचची नाही. आईची पण नाही. माझी आहे. मला माफ करा.' 'माफ' या शब्दापाशी कागद सरकला होता आणि पेनाची रेघ थेट कडेपर्यंत गेली होती.

"तर मग फारसं काही उरत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. आवाज चांगला होता त्यांचा, मऊ. "नियमाप्रमाणे एकदा विचारते. पाचही प्रश्न विचारले होते ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या बाटलीकडे पाहत राहिले.

"नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मी 'पाच?' म्हणाले. ती 'पाचही नाही' म्हणाली. आमची तशी सवयच झाली होती. खुणा मी केल्या, सही माझी आहे, पण प्रश्न मी विचारले नाहीत. त्या दिवशी नाही आणि त्याआधी वर्षभर नाही."

चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला. "पण प्रश्न कोणते ते तिला ठाऊक होतं," बाई सावकाश म्हणाल्या. "तिने नाही म्हटलं. एका अर्थी विचारल्यासारखंच झालं, नाही का?"

त्या मला वाट काढून देत होत्या. नुसती मान हलवायची होती. मनात पहिलं काय आलं असेल, तर बाबा वाटत असलेली ती कार्डं.

"नाही. तसं नाही झालं," मी म्हणाले. "माझी पाठ होती तिच्याकडे. वळले तेव्हा तिची पापणी उतरलेली दिसली. मला दिसली. त्याचा अर्थ काय असू शकतो ते मी परीक्षेत लिहून आलेली आहे. मी तिला त्यावरून चिडवलं, आणि मग तिची मान फिरवली."

कुणीतरी पेन खाली ठेवलं. सर उठले आणि खुर्ची मागे सारून बाहेर निघून गेले. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं त्यानंतर फोनवर झालं. "आयुष्यभर काम करायला मिळालं असतं तुला," ते म्हणाले, "आणि परत अशी चूक झाली नसती. आता कुणाचं भलं केलंस?"

काकू कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी जवळ गेले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी तिला काय काय बोलले हो," त्या म्हणाल्या. "आडवी पडलेली पोर. घास भरवताना बोलले. न्हाऊ घालताना बोलले. रोज."

"काकू, मी..."

"तुम्ही तिथेच बसलेल्या असायच्या," त्या म्हणाल्या, आणि जिन्याने खाली गेल्या.

माझी नोंदणी नाकारली गेली. पाच वर्षं अर्ज करता येणार नाही, आणि त्यानंतर मी करेन असं मला वाटत नाही. टाचणीचे उपचार क्लबला करावे लागले. आई आता नातेवाइकांत माझा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते. दादा मला 'मोडतोड खातं' म्हणत नाही, त्यामुळे घर फार शांत झालं आहे. या कशाचीही तक्रार करायचा मला हक्क नाही, पण कधी कधी बोटं आपोआप हलतात, समोर मान असल्यासारखी, आणि मग मी हात मांडीखाली घेऊन बसते.

निकालानंतर चार दिवसांनी मी शेवटची टाचणीकडे गेले. ती व्यायामाच्या खोलीत होती. पुढ्यात भोकांची फळी, शेजारी लाकडी खुंट्यांचा ढीग. डाव्या हाताने एक खुंटी उचलून भोकात बसवायची, मग दुसरी. तिच्या कपाळावर घाम होता. मी समोर बसले. बराच वेळ ती माझ्याकडे न बघता खुंटीशी झगडत राहिली.

"आईने सांगितलं," ती म्हणाली.

"हो."

"तीन आठवडे." ती थांबली. तिला शब्द जमवायला वेळ लागत होता आणि मी तिच्याऐवजी एकही भरला नाही. "तीन आठवडे मी आईची माफी मागत होते. रात्री ती झोपली की तिच्याकडे बघत बसायचे. वाटायचं, हिला मी काय करून ठेवलं. मरून जावं वाटायचं. एकदा तुला सांगितलंही होतं मी ते."

तिने सांगितलं होतं. मी म्हणाले होते की असं बोलू नये.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"भीती वाटत होती. काम जाईल याची."

ती हे ऐकून रागावली नाही. तिने नुसती मान डोलावली, एखाद्याने किती वाजले ते सांगितल्यावर डोलवावी तशी.

"मलाही तीच भीती होती," ती म्हणाली. "म्हणून मी पण नाही बोलले. पण ताई, तू समोर बसून विचारलं असतंस ना, तर मी सांगितलं असतं. तुला सांगितलं असतं."

कदाचित सांगितलं असतं. कदाचित तिसऱ्यांदा राखीव राहायच्या धास्तीने माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलली असती. ते मला कधीच कळणार नाही, आणि ती कितीही खात्रीने बोलत असली तरी तिलाही कळणार नाही. मी ते तिला म्हणाले नाही. तिची तेवढी एक खात्री काढून घ्यायचा मला अधिकार नव्हता.

खुंटी तिच्या बोटांतून निसटली आणि घरंगळत माझ्या पायाशी आली. मी उचलून दिली. तिने ती घेतली नाही. ढिगातली दुसरी उचलली.

"तुम्ही जा आता," ती म्हणाली. "आई यायची वेळ झाली."

मी खुंटी फळीच्या कडेला ठेवली आणि निघाले.